अर्धे विमान जमिनीवर

सोलापूरहून पुण्याला जाताना उरुळी कांचन मागे पडले की थोड्या वेळाने उजव्या हाताला थेऊरचा फाटा लागतो. आपल्याकडची बरीच मंडळी चिंतामणीच्या दर्शनाला तिथे वळतात. १४ ऑक्टोबर २०१४ च्या संध्याकाळी या थेऊरजवळच्या शेतात हवाई दलाचे एक सुखोई-३० एमकेआय विमान कोसळले. लोहगावच्या तळावर उतरण्याच्या तयारीत ते होते. दोन्ही वैमानिक हवाई छत्रीने सुखरूप खाली आले. एरवी बातमी तिथेच संपली असती. पण हवाई दलाने जे सांगितले ते चमत्कारिक होते. वैमानिकांनी दांडी ओढलीच नव्हती, दोन्ही आसने आपणहून सुटली! रशियन तज्ज्ञांना हे पटेना. आमचे आसन असे वागूच शकत नाही, हे त्यांचे म्हणणे. दरम्यान देशातली सगळी सुखोई, म्हणजे त्या वेळची सुमारे दोनशे विमाने, जमिनीवर उभी राहिली आणि महिनाभराने टप्प्याटप्प्याने पुन्हा उडू लागली.

दोनशे विमानांपैकी एकाचाही पंख मोडलेला नव्हता. इंजिने चालू होत होती, टाक्यांत इंधन होते. तरी ती उडवता येत नव्हती, कारण ‘त्या क्षणी विमानाच्या आत नेमके काय घडले’ या प्रश्नाचे सर्वांना पटेल असे उत्तर हाती नव्हते. उत्तर शोधायचे तर ते नोंदपेटीतल्या आकड्यांत आणि ते आकडे वाचणाऱ्या जमिनीवरच्या प्रयोगशाळेत. मी सोलापुरात वर्षानुवर्षे मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवले. लढाऊ विमान चालवणाऱ्यांपैकी किंवा बांधणाऱ्यांपैकी मी नव्हे. पण या विषयावरचे लेखापरीक्षणाचे अहवाल, संसदेतली उत्तरे आणि अपघातांच्या चौकश्या वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. आपण आकाशात पाहतो ते अर्धेच विमान असते. उरलेले अर्धे जमिनीवर राहते. ते सर्व्हरमध्ये, प्रयोगशाळेत, देखभालीच्या नोंदवहीत आणि कुठल्या तरी वातानुकूलित खोलीत बसलेल्या माणसांच्या डोक्यात असते. ते अर्धे बिघडले की आकाशातले अर्धे निरुपयोगी होते.

सोलापूरच्या वाचकाला हे समजावणे सोपे आहे. आपल्या चादरीचा माग पाहा. मागावर बसवलेल्या जॅकार्डमध्ये भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. मोर उठणार की वेल, हे माग ठरवत नाही. ते नक्षी काढणाऱ्याने कागदावर आणि भोके पाडणाऱ्याने पुठ्ठ्यावर आधीच ठरवलेले असते. माग कितीही दणकट असो, एक पुठ्ठा उलटा ओवला गेला की तिथून पुढे प्रत्येक चादरीत मोराची मान तुटलेलीच निघणार. आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले, पुठ्ठ्यांच्या जागी फाइल आली, पण मुद्दा बदलला नाही. आधुनिक लढाऊ विमान हा असाच माग आहे. फरक इतकाच की त्याच्या पुठ्ठ्यात चूक झाली तर चादर नव्हे, माणूस जातो.

आता हे पुठ्ठे कोणते ते पाहू. उड्डाणाच्या आधी वैमानिक आणि त्याचे सहकारी जमिनीवरच्या संगणकावर मोहीम आखतात. मार्गावरचे टप्पे, डोंगरांची उंची, रेडिओच्या वारंवारता, कुठल्या शस्त्राला कुठले लक्ष्य, परतीच्या इंधनाचा हिशेब. हे सगळे एका लहानशा डबीत भरले जाते, ती डबी विमानात खोचली की विमानाचा मुख्य संगणक ते वाचून घेतो. पूर्वी वैमानिक मांडीवर नकाशा बांधून उडत. ते नकाशे आजही काही जण नेतात, पण त्यांच्या भरवशावर लढाई होत नाही.

याहून महत्त्वाचा आणि सर्वांत गुप्त पुठ्ठा म्हणजे धोक्यांचा संग्रह. प्रत्येक रडार आपापल्या ढंगाने लहरी सोडते. लहरींची वारंवारता किती, एक ठोका किती लांबीचा, दोन ठोक्यांमध्ये अंतर किती, ते अंतर ठरावीक की बदलते. सकाळी गल्लीत आलेली हाक ऐकून आपण न पाहता सांगतो, हा भाजीवाला, हा बोहारीण-मंडळींपैकी कोणी, हा नवाच दिसतो. विमानातला रडार-इशारा संच तेच करतो. अंगावर पडलेल्या लहरी मोजतो, संग्रहाशी ताडून पाहतो आणि वैमानिकाला सांगतो की हे गस्तीचे साधे रडार आहे, किंवा हे क्षेपणास्त्राचे रडार असून त्याने तुला पकडले आहे. निर्णयाला काही सेकंद असतात. पण संग्रहात ती हाक नसेल तर संच गप्प बसेल, किंवा चुकीचे नाव सांगेल. शत्रू तर रडारचे सॉफ्टवेअर बदलून हाक बदलत राहतो. म्हणजे आपली टेहळणी विमाने आणि जमिनीवरची केंद्रे सतत ऐकत राहिली पाहिजेत, ऐकलेले कुणीतरी पृथक्करण करून त्याची नवी फाइल बनवली पाहिजे, ती तपासली पाहिजे आणि प्रत्येक तळावर पोचवली पाहिजे. यातले विमान कुठे आहे? शेवटच्या पायरीवर.

युक्रेनला २०२४ मध्ये एफ-१६ विमाने मिळाली तेव्हा हेच दिसले. विमाने युरोपीय देशांनी दिली होती आणि ती जुनी होती. त्यांच्यावरची शत्रूच्या रडारला गोंधळात टाकणारी यंत्रणा तिथल्या रशियन रडारांना ओळखण्यासाठी नव्याने तयार करावी लागली, आणि ते काम अमेरिकी हवाई दलाच्या फ्लोरिडातील एका विशेष विंगने डेन्मार्क व नॉर्वेच्या मदतीने केले. विमान पोचले म्हणजे ताकद पोचली असे होत नाही, हे त्या विंगने स्वतःच त्या वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर केलेल्या माहितीतून कळते.

माहिती चुकीची भरली किंवा भरायची राहिली तर काय होते, याचे सर्वांत अंगावर येणारे उदाहरण लढाऊ विमानाचे नाही, लष्करी मालवाहू विमानाचे आहे. ९ मे २०१५ रोजी स्पेनमध्ये सेव्हिलला एअरबसचे ए-४०० एम हे कोरे करकरीत विमान पहिल्या चाचणी उड्डाणावर निघाले. उडताच चारपैकी तीन इंजिने वैमानिकाचे ऐकेनाशी झाली आणि विमान पडले. सहापैकी चार जण गेले. इंजिनात दोष नव्हता. प्रत्येक इंजिनाचा पीळ, म्हणजे पंखा फिरवण्याचा जोर, मोजण्यासाठी त्या त्या इंजिनाचे स्वतःचे काही आकडे संगणकात असावे लागतात. जमिनीवर सॉफ्टवेअर बसवताना तीन इंजिनांचे ते आकडे पुसले गेले होते. आकडे नाहीत म्हणजे जोर किती आहे हे संगणकाला कळत नाही. कळत नाही म्हणून सुरक्षिततेसाठी तो इंजिनाची ताकद कमी करतो. प्रत्येक पायरी आपापल्या जागी शहाणपणाची. आणि हा धोका जमिनीवर उभे असताना वैमानिकाला दिसण्याची सोयच नव्हती.

त्यामानाने अमेरिकेच्या एफ-२२ विमानांची फजिती हसून सोडण्यासारखी. फेब्रुवारी २००७ मध्ये जगातली सर्वांत प्रगत म्हणवणारी ही विमाने हवाईहून जपानकडे निघाली आणि आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताच त्यांचे दिशादर्शक संगणक कोलमडले. सोबत इंधन भरणारी विमाने होती, त्यांच्या मागोमाग ती कशीबशी परत आली. काही दिवसांत सॉफ्टवेअर दुरुस्त झाले. हवामान खराब असते आणि सोबतीची विमाने नसती तर काय झाले असते, हे सांगायला नको.

नव्या यंत्राची सुरुवातीची दुखणी हा शब्दप्रयोग आपण फार सैल वापरतो. गाडी नवी असताना थोडी कुरकुर करते, मग रुळते, असा त्यातला भाव. लढाऊ विमानाच्या बाबतीत या दुखण्यांत दोन जाती आहेत. वाररेषेची चूक एकदा सापडली की कायमची जाते. पण जमिनीवरची व्यवस्थाच चुकीची बांधली गेली असेल तर दुखणे वर्षानुवर्षे पुरते, विमान जुने झाले तरी. अमेरिकेच्या एफ-३५ ची देखभाल-व्यवस्था हा या दुसऱ्या जातीचा नमुना आहे आणि त्यावर थोडे थांबावे असे मला वाटते, कारण आपणही हळूहळू त्याच दिशेने निघालो आहोत.

या व्यवस्थेचे नाव एलिस. कल्पना अशी की विमान उतरले की स्वतःच सांगेल, माझा अमुक पंप थकला आहे. सुटा भाग आपोआप मागवला जाईल. प्रत्येक भागाची जन्मापासूनची कुंडली संगणकात राहील. वैमानिकाचे प्रशिक्षण, मोहिमेची आखणी, सगळे त्याच एका छताखाली. कल्पना म्हणून कोण नको म्हणेल? प्रत्यक्षात सगळ्या जगातल्या एफ-३५ ची माहिती अमेरिकेतल्या एकाच प्रवेशद्वारातून आणि एकाच मुख्य केंद्रातून जात होती आणि त्याला पर्यायी व्यवस्था नव्हती, असे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१६ मध्ये नोंदवले. स्क्वाड्रनबरोबर न्यायच्या सर्व्हरचे कपाट आठशे पौंडांहून जड, त्याच्या वीजपुरवठ्याचे कपाट आणखी तेवढेच. आणि कुंडल्याच चुकीच्या! सुटा भाग येई, त्याची इलेक्ट्रॉनिक नोंद येत नसे किंवा चुकीची येई. मग धडधाकट विमानाला एलिस म्हणे, हे उडण्यायोग्य नाही. काही ठिकाणी अधिकारी एलिसचे न ऐकता विमान उडवत, कारण यंत्र बरोबर आणि नोंद चूक हे त्यांना ठाऊक असे. पण एकदा नोंद दुर्लक्षायची सवय लागली की ज्या दिवशी नोंद खरी असेल त्या दिवशी काय? याच कार्यालयाच्या २०२० च्या अहवालात एका हवाई दल तुकडीचा अंदाज दिला आहे: एलिस नीट चालत नाही म्हणून हाताने करावी लागणारी जादा कामे वर्षाला ४५,००० तासांहून अधिक. काम वाचवायला आणलेल्या संगणकाने निर्माण केलेले काम ते हेच.

जानेवारी २०२० मध्ये एलिसच्या जागी ‘ओडिन’ आणायचे ठरले. त्याची पेटी हातात उचलता येईल एवढी. पण जुन्या घरात राहूनच नवे घर बांधायचे असल्याने ते काम रखडत चालले. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफ-३५ पैकी कोणत्याही एका वेळी मोहिमेस सज्ज असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५५ टक्के होते. त्याला एलिस एकटे जबाबदार नाही, दुरुस्तीच्या कार्यशाळा आणि सुटे भागही कमी पडत होते. पुढे जुलै २०२३ ते जुलै २०२४ या वर्षभरात तर नवी बांधलेली विमाने हवाई दलाने ताब्यातच घेतली नाहीत. नवा संगणक बसवला होता, त्याचे सॉफ्टवेअर तयार नव्हते.

आता आपल्याकडे येऊ. कारण ५५ हा आकडा आपल्यालाही अनोळखी नाही. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१५ च्या अहवालात सुखोईची सज्जता ५५ ते ६० टक्के दाखवली होती. ठरवलेले प्रमाण ७५ टक्के.

सुखोई हे एका अर्थाने महाराष्ट्राचे विमान आहे. १९९६ च्या करारानंतर पहिली साधी सुखोई-३० विमाने १९९७ मध्ये लोहगावला आली. २००२ च्या सप्टेंबरात एमकेआय ही खास भारतासाठी घडवलेली जात तिथेच दाखल झाली. पुढे नाशिकजवळ ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ती परवान्यावर बांधली गेली. ओझरलाच हवाई दलाचा ११ क्रमांकाचा दुरुस्ती डेपो आहे आणि सगळ्या हवाई दलाच्या देखभालीचे मुख्यालय, मेंटेनन्स कमांड, नागपूरला. म्हणजे आकाशातल्या अर्ध्या विमानासाठी आपण पंजाब-राजस्थानकडे बघतो, पण जमिनीवरच्या अर्ध्याचा मोठा हिस्सा आपल्या राज्यात आहे. आपल्याकडे याचा अभिमान फारसा कुणी बाळगत नाही. देखभाल या गोष्टीला आपल्या समाजात एकूणच मान कमी.

एमकेआय म्हणजे एक वऱ्हाडच. सांगाडा, इंजिन आणि रडार रशियाचे, पडदे फ्रेंच, काही उपकरणे इस्रायली, मुख्य मोहीम-संगणक आणि रडार-इशारा संच भारतीय. सगळे एकदम जमणार नाही हे ओळखून विमाने तीन टप्प्यांत घेतली. पहिल्या टप्प्यातली जी आली ती बऱ्याच क्षमतांविनाच आली, आणि पुढे सॉफ्टवेअर व उपकरणे येत गेली तशी सुधारली. हा शहाणपणा होता. तरीही दुखणी आली. २०१३ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्स रशियाला पत्रे लिहीत होती, ती २०१४ मध्ये वर्तमानपत्रांत आली: उडत्या विमानात मोहीम-संगणक बंद पडतो आणि वैमानिकासमोरचे सगळे पडदे कोरे होतात. वेगात असलेल्या विमानात डोळ्यांपुढचे सर्व आकडे एकाएकी नाहीसे होणे म्हणजे काय, याची कल्पना घाटात रात्री गाडीचे दिवे गेलेल्याला थोडीफार येईल.

इंजिनांची वेगळीच तक्रार. बेअरिंग झिजून तेलात धातूचे बारीक कण येत. संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकरांनी २०१५ मध्ये संसदेत या बिघाडांची कबुली दिली होती. आयआयटीतून धातुशास्त्र शिकलेला मंत्री तेलातल्या धातूच्या कणांविषयी संसदेला सांगतो आहे, हा योगायोग मला त्या वेळीही लक्षणीय वाटला होता. इथेही जमिनीवरच्या डेटाचा संबंध आहेच. इंजिनातले तेल ठरावीक तासांनी काढून त्यातल्या धातूंचे प्रमाण मोजतात. एका नमुन्याने काही कळत नाही; त्याच इंजिनाचे मागचे वीस नमुने समोर असतील तर आलेख चढू लागला की बेअरिंग तुटण्याआधी इंजिन उतरवता येते. म्हणजे बेअरिंग रशियात बनते, पण ते केव्हा दगा देणार हे आपल्या नोंदवहीला कळू शकते. ती नोंदवही कागदाची असून पूर्वी इंजिनामागोमाग तळावरून तळावर फिरत असे. आज हवाई दलात देखभालीसाठी ई-एमएमएस आणि साठ्यासाठी इमोल्स या संगणकीय व्यवस्था आहेत. एलिसची कथा वाचल्यावर त्यांच्याविषयी माझी अपेक्षा साधी आहे: कागदाची वही फेकून देण्याची घाई कुणी करू नये.

पण सुखोईच्या गोष्टीत एक बाजू अशी आहे की तिथे आपण एफ-३५ घेतलेल्या अनेक देशांपेक्षा चांगल्या जागी आहोत. मोहीम-संगणक भारतीय असल्याने त्याच्या सॉफ्टवेअरची किल्ली आपल्या खिशात होती. ब्राह्मोस क्षेपणास्त्राचे विमानातून सोडायचे रूप अडीच टनांचे. ते सुखोईच्या पोटाखाली बसवण्यासाठी ओझरला सांगाडा मजबूत केला गेला, विजेच्या जोडण्या बदलल्या, आणि ब्राह्मोस लावलेले विमान तिथून जून २०१६ मध्ये पहिल्यांदा उडाले. क्षेपणास्त्राशी बोलणारे विमानाचे सॉफ्टवेअर मात्र हवाई दलाच्या स्वतःच्या अभियंत्यांनी लिहिले. क्षेपणास्त्राला सुटण्याआधी आपण कुठे आहोत, किती वेगात, कोणत्या कोनात, हे विमानाकडून अचूक कळावे लागते. म्हणून हे काम केवळ खिळे ठोकण्याचे नसते. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरावर पहिली चाचणी यशस्वी झाली. दुसऱ्याच्या बंद पेटीतला संगणक असता तर या एका जोडणीसाठी किती वर्षे विनवण्या आणि किती कोटी मोजावे लागले असते?

२०२५ च्या मार्चमध्ये युरोपात हाच प्रश्न चर्चेत आला. अमेरिकेने युक्रेनला दिली जाणारी गुप्त माहिती काही काळ थांबवली आणि एफ-३५ घेतलेल्या देशांत कुजबुज सुरू झाली की वॉशिंग्टनमध्ये एखादे गुप्त बटण आहे का, जे दाबले की आपली विमाने बंद पडतील. असे बटण नाही, असा खुलासा झाला. माझ्या मते बटणाचा प्रश्नच चुकीचा होता. बटणाची गरज काय? धोक्यांच्या संग्रहाची नवी फाइल आली नाही, सुट्या भागांची नोंद पुढे सरकली नाही, तर विमान आज उडेल, उद्याही उडेल, आणि दर महिन्याला थोडे आंधळे-बहिरे होत जाईल. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा यांची एफ-३५ च्या फाइली बनवण्याची सामायिक प्रयोगशाळा आहे. नॉर्वे आणि इटलीची दुसरी. दोन्ही आहेत फ्लोरिडात, अमेरिकी तळावर. इस्रायलने तेवढी सुरुवातीपासून अट घातली आणि विमानावर स्वतःच्या यंत्रणा चढवण्याची, आपल्याच देशात देखभाल करण्याची मुभा मिळवली.

आपण हा धडा १९९८ मध्येच शिकलो होतो, आणि फुकट नाही. तेजस विमान मुद्दाम असे रचलेले आहे की संगणकाविना ते हवेत स्थिर राहूच शकत नाही. वैमानिक दांडी हलवतो तो केवळ इच्छा व्यक्त करतो, पंखावरचे पडदे किती हलवायचे हे संगणक ठरवतो. त्या संगणकाच्या नियमांवर आपले अभियंते अमेरिकी कंपनीबरोबर तिथे बसून काम करत होते. पोखरणच्या अणुचाचण्या झाल्या, निर्बंध आले, आपल्या माणसांना परत पाठवले गेले; केलेले काम तिथेच राहिले. बंगळुरूत पुन्हा सगळे उभे करावे लागले. ४ जानेवारी २००१ ला तेजसचे पहिले उड्डाण झाले तेव्हा विमानात एक वैमानिक होता आणि जमिनीवर पडद्यांसमोर बसलेले अभियंते विमानातून येणारा प्रत्येक आकडा त्याच क्षणी वाचत होते.

आतापर्यंत उड्डाणाआधीच्या आणि नंतरच्या माहितीविषयी लिहिले. उडत असताना येणारी माहिती हा तिसरा भाग, आणि यात चूक झाली तर सुधारायला वेळच नसतो. १४ सप्टेंबर २०१० रोजी हवाई दलाने ‘एएफनेट’ हे स्वतःचे तंतुजाळे सुरू केले. त्यावर उभी आहे ती आयएसीसीएस ही भारत इलेक्ट्रॉनिक्सने घडवलेली व्यवस्था. ठिकठिकाणची रडारे, उडती रडार-विमाने, नागरी उड्डाणांची माहिती, हे सगळे एकत्र करून आकाशाचे एकच चित्र तयार करायचे आणि कुणी उठायचे, कुणी क्षेपणास्त्र सोडायचे, हे त्यावरून ठरवायचे. आपल्याकडे रशियन, फ्रेंच, ब्रिटिश, इस्रायली आणि देशी अशी खिचडी असल्याने हे काम इतर देशांपेक्षा कठीण. प्रत्येक यंत्र आपापल्या भाषेत बोलते आणि दुभाषा जमिनीवर बसतो.

चित्र अपुरे असले की काय होते ते २७ फेब्रुवारी २०१९ ला दिसले. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी पाकिस्तानी विमाने आली, धावपळ उडाली, आणि श्रीनगरजवळ बडगाम इथे आपल्याच क्षेपणास्त्राने आपलेच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक ठार झाला. त्या सहांतला एक तरुण स्क्वाड्रन लीडर आपल्या नाशिकचा होता. ही आपली मोठी चूक होती, असे हवाई दलप्रमुख भदौरियांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे मान्य केले. मित्र की शत्रू हे सांगणारे उपकरण हेलिकॉप्टरमध्ये बंद होते आणि तळावरच्या लोकांचा आपसांतला मेळ तुटला होता, असे चौकशीतून बाहेर आले. क्षेपणास्त्र निर्दोष चालले, हेलिकॉप्टरही ठणठणीत होते. सहा वर्षांनी, मे २०२५ मध्ये, पाकिस्तानच्या ड्रोन आणि क्षेपणास्त्रांच्या लाटा येत होत्या तेव्हा आयएसीसीएसने हवाई संरक्षण एकत्र बांधून ठेवले, असे सरकारने जाहीर केले. एवढ्या वर्षांत या व्यवस्थेत नेमके काय बदलले, हे आपल्यासारख्यांना कळणार नाही आणि कळूही नये. पण बडगामच्या चौकशीतले धडे त्यात मुरले असणार, असा माझा तर्क आहे.

आता पुन्हा ओझर. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे तेजस मार्क-१ए च्या नव्या उत्पादन-साखळीचे उद्घाटन झाले आणि नाशिकला बांधलेले पहिले मार्क-१ए संरक्षणमंत्र्यांसमोर उडाले. टीव्हीवर टाळ्या वाजल्या. पण ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा आहे आणि पहिली विमाने मार्च २०२४ पर्यंत हवाई दलाला मिळायची होती. उशिराचे मोठे कारण अमेरिकेहून रखडत आलेली इंजिने, ते सर्वांना माहीत झाले. दुसरे कारण कमी चर्चेत असते: नवे रडार, नवी इलेक्ट्रॉनिक युद्ध-यंत्रणा आणि क्षेपणास्त्रे यांना एका संगणकाखाली आणून चाचण्यांतून पार पाडणे. इंजिन आले की बसवता येते. हे दुसरे काम तसे संपत नाही.

म्हणून माझा एक माजी विद्यार्थी मध्यंतरी भेटायला आला आणि म्हणाला, ‘सर, विमानांच्या क्षेत्रात जायचे तर मी काय शिकू?’ तेव्हा मी त्याला हवाई गतिशास्त्राचे पुस्तक दिले नाही. तो हैदराबादेत एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेतो, दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधतो, आणि हे दुय्यम दर्जाचे काम आहे अशी त्याची समजूत होती. सेव्हिलच्या अपघाताची हकीकत मी त्याला सांगितली. तो बराच वेळ गप्प होता, मग त्याने विचारले की ते आकडे पुसले गेले आहेत हे तपासण्याची पायरी त्यांच्या यादीत होती का. मी म्हटले, हाच प्रश्न विचारणारा माणूस ओझरला लागतो.